मूलपेशी प्रत्यारोपण आणि रुग्णाचे पोषण : निषेधांची यादी व पुराव्यांचा शोध

प्रस्तावना :

रक्ताचा कर्करोग, मल्टिपल मायलोमा, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, थॅलसेमिया यांसारख्या व्याधींवर मूलपेशी प्रत्यारोपण हा आज प्रस्थापित उपचार मानला जातो. अमेरिकेतील डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये मानवी रुग्णांना शिरेवाटे अस्थिमज्जा देण्याचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. भारतात अशा प्रत्यारोपणाची यशस्वी सुरुवात मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८६ मध्ये हे कार्य हाती घेतले. या उपचाराविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुधा दाता, खर्च आणि यशाचे प्रमाण यांभोवती फिरते. रुग्ण त्या काळात काय खातो, किती खातो आणि खाऊ शकला नाही तर काय करावयाचे, हा प्रश्न आहारतज्ज्ञाच्या एका भेटीवर व छापील सूचनापत्रकावर सोडून दिला जातो. वस्तुतः उपचाराच्या परिणामाशी पोषणाचा संबंध निकटचा आहे. प्रत्यारोपणापूर्वीच कृश असलेल्या किंवा उपचारकाळात झपाट्याने वजन गमावणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे निरनिराळ्या देशांतील नोंदींवरून आढळले आहे. प्रस्तुत लेखात या पोषणसमस्येचे शारीरिक मूळ, ती सोडविण्याचे मार्ग आणि विशेषतः आहारावरील निर्बंधांमागील पुरावा यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न आहे.

समस्येचे शारीरिक मूळ :

प्रत्यारोपण हा शब्द ऐकताच शस्त्रक्रियेचे चित्र मनासमोर उभे राहते. येथे तसे काही घडत नाही. मूलपेशी रक्त चढवावे तशा शिरेतून दिल्या जातात आणि त्या आपला मार्ग शोधत अस्थिमज्जेत जाऊन स्थिरावतात. खरा आघात त्याआधीचा असतो. जुनी, रोगग्रस्त अस्थिमज्जा नष्ट करण्यासाठी मेल्फलान, बुसल्फान, सायक्लोफॉस्फामाइड अशी औषधे अत्युच्च मात्रेत दिली जातात. काही रुग्णांना संपूर्ण शरीरावर किरणोत्सर्गाचा उपचार दिला जातो. ही औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींचा नाश करतात. कर्कपेशी तशा असतात, मज्जेतील पेशी तशा असतात आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत पसरलेले पचनमार्गाचे अस्तरही तसेच असते. आतड्याचे अस्तर काही दिवसांत पूर्णतः नवे होत असते. पेशींचे विभाजन थांबले की जुने अस्तर गळून पडते आणि त्याची जागा घेणारे नवे तयार होत नाही.

यातून उद्भवणाऱ्या दाहाला म्युकोसायटिस म्हणतात. तो औषधांनंतर साधारणतः पाच ते सात दिवसांनी सुरू होतो, दुसऱ्या आठवड्यात कळस गाठतो आणि नव्या पांढऱ्या पेशी रक्तात दिसू लागल्या की ओसरतो. रुग्णाच्या स्वतःच्याच साठवलेल्या मूलपेशी वापरल्या असतील तर हा काळ बहुधा दहा ते चौदा दिवसांचा असतो. अन्य दात्याच्या पेशी असतील तर दोन ते चार आठवड्यांचा. या अवधीत तोंडात व घशात व्रण पडतात, थुंकी गिळणेही असह्य होते आणि वेदनाशमनासाठी मॉर्फिन द्यावे लागते. लाळ घटते किंवा घट्ट होते. मळमळ व अतिसार यांची जोड असतेच. चवीचे ज्ञान तर इतके बदलते की दुधाला धातूची चव लागते, भात कागदासारखा वाटतो आणि ज्या पदार्थाची रुग्णाने आदल्या आठवड्यात आवडीने मागणी केली होती त्याच्या वासानेही उमासा येतो. हा बदल कित्येक रुग्णांत महिनोन्महिने टिकतो. घरच्यांना तो बहुधा हट्ट वाटतो.

दुसरीकडे शरीराची गरज मात्र वाढलेली असते. ताप, ऊतींची झीज आणि संसर्ग यांमुळे स्नायूंतील प्रथिने मोडून इंधन म्हणून वापरली जातात. दर किलोग्रॅम वजनामागे दररोज ३० ते ३५ किलोकॅलरी ऊर्जा आणि सुमारे १.५ ग्रॅम प्रथिने हे या काळासाठी सामान्यतः मान्य झालेले प्रमाण आहे. पन्नास किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीसाठी याचा अर्थ १५०० ते १७५० किलोकॅलरी आणि ७५ ग्रॅम प्रथिने असा होतो. ऊर्जेचा आकडा मोठा वाटत नाही. प्रथिनांचा आकडा मात्र आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत मांडून पाहण्यासारखा आहे. दोन वाट्या वरणातून सुमारे १४ ग्रॅम, तीन पोळ्यांतून ९, भातातून ४, दोन अंड्यांतून १२ आणि ४०० मिलिलिटर दुधातून १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ५२ होते. त्यात ५० ग्रॅम पनीर व ३० ग्रॅम दुधाची भुकटी मिसळली तर आपण कसेबसे सत्तरीच्या पुढे जातो. हे सारे निरोगी भुकेच्या माणसालाही एका दिवसात संपवावे लागेल असे अन्न आहे. तोंडात व्रण असलेल्या रुग्णाकडून त्याची अपेक्षा करणे अवघड आहे. आणि घरून डब्यात येते ते बहुधा साबुदाण्याची खीर, पेज, फळांचा रस. साबुदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे किलोकॅलरी आहेत, परंतु प्रथिने एक ग्रॅमही नाहीत. आजाऱ्याला ‘हलके’ द्यावे ही आपली परंपरागत समजूत पचनाच्या दृष्टीने योग्य असली, तरी या विशिष्ट अवस्थेत ती स्नायूंची झीज रोखण्यास अपुरी पडते.

पोषणस्थितीचे मापन :

रुग्ण किती खंगला आहे हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. वजन फसवे असते, कारण शिरेवाटे दिलेल्या द्रवांमुळे व यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद होण्याच्या विकारात शरीरात पाणी साठते आणि स्नायू झिजत असतानाही काटा वर जातो. रक्तातील अल्ब्युमिनचे प्रमाण हे अनेक रुग्णालयांत अद्याप पोषणाचे परिमाण म्हणून वापरले जाते. ते दाह वाढला की खाली येते, मग आहार कितीही चांगला असो. त्यामुळे प्रत्यारोपणाआधीच्या सहा महिन्यांत घटलेले वजन, दंडाचा घेर, हाताच्या पकडीची ताकद आणि प्रत्यक्ष किती घास पोटात गेले याची रोजची नोंद, ही साधी साधने अधिक उपयुक्त ठरतात. यांपैकी शेवटचे काम परिचारिका किंवा नातेवाईक एका वहीच्या आधारे करू शकतात. ताटात काय वाढले याची नव्हे, तर ताटातून काय परत गेले याची नोंद हवी.

शिरेवाटे पोषण – उदय आणि पुनर्विचार :

तोंडाने खाणे अशक्य झाले तर काय करावे, या प्रश्नाला १९६८ मध्ये एक नाट्यमय उत्तर मिळाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या पिल्लांना केवळ शिरेवाटे सर्व पोषकद्रव्ये देऊन त्यांची सामान्य वाढ होते हे सिद्ध केले. ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्ध द्रव, क्षार व जीवनसत्त्वे यांचे मिश्रण हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडण्याची ही पद्धत प्रत्यारोपण केंद्रांनी तत्परतेने स्वीकारली. आज कर्करोग कक्षात सर्वत्र दिसणारी हिकमन नलिकाही मुळात १९७९ मध्ये सिअ‍ॅटलच्या डॉ. रॉबर्ट हिकमन यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठीच विकसित केली होती.

१९८७ हे वर्ष या चर्चेत विशेष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी मिनेसोटा विद्यापीठातील वाइसडॉर्फ व सहकाऱ्यांनी १३७ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. यादृच्छिक विभागणी करून एका गटाला आरंभापासून शिरेवाटे पूर्ण पोषण दिले गेले आणि दुसऱ्या गटाला शिरेवाटे केवळ सौम्य ग्लुकोज, क्षार व जीवनसत्त्वे. पहिल्या गटात दीर्घकालीन जीविताचे प्रमाण अधिक निघाले. या एका निष्कर्षाच्या बळावर पुढील अनेक वर्षे शिरेवाटे पोषण हा प्रत्यारोपणाचा जणू अविभाज्य भाग बनला. परंतु हा अभ्यास बारकाईने वाचला असता त्यातील तुलनेचे स्वरूप लक्षात येते. एका बाजूला पोषण होते आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ उपासमार. त्यावरून पोषण न देण्यापेक्षा पोषण देणे बरे, एवढेच सिद्ध होते. ते शिरेतूनच द्यावे असे सिद्ध होत नाही. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या झेलुगा व सहकाऱ्यांनी हीच उणीव भरून काढणारा अभ्यास मांडला. ६१ रुग्णांपैकी काहींना शिरेवाटे, तर काहींना समुपदेशन, प्रथिनयुक्त न्याहाऱ्या आणि गरजेनुसार नळीवाटे आहार अशा पद्धतीने पोषण दिले गेले. रक्तपेशींची पुनर्निर्मिती, रुग्णालयातील वास्तव्य व जीवित यांत फरक पडला नाही. मात्र शिरेवाटे पोषणाच्या गटात रक्तशर्करा वाढणे, लघवी वाढविणारी औषधे लागणे व नलिका काढून टाकावी लागणे हे प्रकार अधिक घडले आणि पोषणाचा खर्च दुपटीहून अधिक झाला. दोन्ही अभ्यास एकाच वर्षीचे असूनही वैद्यकीय व्यवहारावर प्रभाव पडला तो पहिल्याचा. नाट्यमय निष्कर्षाला विज्ञानातही अधिक श्रोते मिळतात, असे म्हणावयास जागा आहे.

ग्लुटामिनची कथाही अशीच बोधप्रद आहे. हे अमिनो आम्ल आतड्याच्या अस्तरपेशींचे प्रमुख इंधन आहे. बॉस्टन येथील झीगलर व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ४५ प्रत्यारोपित रुग्णांवर दाखवून दिले की शिरेवाटे पोषणात ग्लुटामिन मिसळल्यास संसर्ग कमी होतात आणि रुग्णालयातील वास्तव्य ३६ ऐवजी २९ दिवसांवर येते. त्यामुळे मोठी आशा निर्माण झाली. पुढे २००२ मध्ये स्वतःच्या पेशी वापरलेल्या रुग्णांवरील एका लहान अभ्यासात लाभ तर दिसला नाहीच, उलट मूळ रोग परतण्याचे प्रमाण अधिक आढळले. २०१३ मध्ये अतिदक्षता कक्षातील बाराशेहून अधिक अत्यवस्थ रुग्णांच्या अभ्यासात ग्लुटामिन दिलेल्या गटात मृत्यूच वाढले. तो अभ्यास प्रत्यारोपणाचा नव्हता हे खरे. तरीही ‘पौष्टिक आहे, देऊन पाहू, अपाय तर नाही’ या विचारसरणीला त्याने योग्य तो धक्का दिला.

आतडे वापरात ठेवण्याचे महत्त्व :

शिरेवाटे पोषणाविषयीचा उत्साह ओसरण्यामागे खर्च आणि जंतुसंसर्ग यांखेरीज एक मूलगामी कारण आहे. आतडे रिकामे राहिले तर त्याच्या आतील झालरीसारखे उंचवटे खुजे होतात, अस्तराची तटबंदी ढिली पडते आणि आतड्यातील जिवाणू व त्यांची विषे रक्तात झिरपू लागतात. दात्याच्या पेशी स्वीकारलेल्या रुग्णात यातून एक विशेष संकट ओढवते. दात्याच्या प्रतिकारपेशी रुग्णाच्या शरीराला परके समजून त्याच्यावर हल्ला करतात. या विकाराला ‘ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज’, संक्षेपाने जी.व्ही.एच.डी. म्हणतात. त्वचा, यकृत आणि आतडे ही त्याची मुख्य लक्ष्ये. जेम्स फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार या हल्ल्याची ठिणगी बव्हंशी जखमी आतड्यातूनच पडते. झिरपलेली जिवाणूविषे प्रतिकारपेशींना चेतवितात आणि चेतलेल्या पेशी पुन्हा आतड्यावरच तुटून पडतात.

म्हणूनच नाकावाटे जठरात घातलेल्या बारीक नळीतून आहार देण्याच्या पद्धतीकडे गेल्या दोन दशकांत लक्ष वळले. नळीवाटे आहार घेतलेल्या रुग्णांत तीव्र स्वरूपाचा, विशेषतः आतड्याचा, जी.व्ही.एच.डी. कमी आढळतो असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. यांतील बहुतेक अभ्यास पूर्वलक्षी आहेत, आणि ज्याची प्रकृती मुळात बरी त्यालाच नळी सोसते ही शंका त्यांच्याबाबत राहतेच. तथापि युरोपातील मार्गदर्शक सूचनांनी आतडे कार्यक्षम असेल तर नळीवाटे आहाराला प्राधान्य द्यावे, शिरेवाटे पोषण हे आतडे निकामी झाल्यास वापरावे, अशी भूमिका घेतली आहे आणि ती तर्कसंगत आहे.

व्यवहारात नळी घालण्याची वेळ महत्त्वाची ठरते. तोंडात व्रण पडल्यावर व बिंबाणू घटल्यावर नळी घालणे वेदनादायक आणि रक्तस्रावाच्या दृष्टीने धोक्याचे असते. म्हणून मूलपेशी दिल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच, व्रण उमटण्यापूर्वी, ती घालावी लागते. म्हणजे रुग्ण अजून जेवू शकत असताना! येथे आपल्याकडे एक सामाजिक अडचण उभी राहते. नाकातील नळी हे आपल्या समाजात अखेरच्या अवस्थेचे चिन्ह मानले जाते. ‘नळी लावली’ हे वाक्य भेटीस आलेल्या नातेवाइकांत ज्या स्वरात उच्चारले जाते, तो स्वर रुग्णाच्याही कानी पडतो. शिरेतील सलाइनसारखी बाटली मात्र कोणालाही भयावह वाटत नाही. अधिक धोक्याचा व अधिक खर्चाचा मार्ग अशा रीतीने अधिक सौम्य भासतो. उपचारापूर्वीच्या समुपदेशनात या गैरसमजाला स्थान मिळाले पाहिजे. आणखी एक बाब अशी की, रुग्णालयाच्या वा घरच्या मिक्सरमध्ये वाटून गाळलेला आहार स्वस्त असला तरी भांडी, पाणी व हाताळणी यांतून तो सहज दूषित होतो. पांढऱ्या पेशी घटलेल्या काळात बंद पाकिटातील तयार आहार वापरणेच इष्ट.

म्युकोसायटिस कमी झाला तर या साऱ्याची गरजच घटते. मेल्फलान देताना रुग्णाने तोंडात सतत बर्फाचे तुकडे चघळले तर तोंडातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध तेथे कमी पोहोचते आणि व्रण सौम्य राहतात. हा उपाय आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत समाविष्ट आहे. बर्फ अर्थातच उकळून गार केलेल्या पाण्याचा हवा.

‘न्यूट्रोपेनिक डाएट’ची चिकित्सा :

आता या लेखाच्या मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटल्या की संसर्गाचे भय असते. म्हणून कच्ची फळे, कोशिंबिरी, दही, सुकामेवा, बाहेरचे अन्न, कधी कधी तर मिरपूडदेखील वर्ज्य करणारी यादी रुग्णाच्या हाती दिली जाते. या आहाराला न्यूट्रोपेनिक डाएट म्हणतात. त्याचे मूळ १९७० च्या दशकातील निर्जंतुक कक्षांत आहे. त्या काळी रुग्णाला गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवून, आतड्यातील जिवाणू प्रतिजैविकांनी मारून, अन्नही दाबाखालील वाफेने वा किरणोत्सर्गाने निर्जंतुक करून दिले जाई. ते इतके बेचव असे की रुग्ण खात नसत. पुढे निर्जंतुक अन्नाची जागा ‘कमी जिवाणूंच्या’ शिजवलेल्या अन्नाने घेतली आणि ती प्रथा रुजली. तिची स्वतंत्र परीक्षा मात्र फार उशिरा झाली.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातील गार्डनर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तीव्र रक्तकर्करोगाच्या १५३ रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला फळे व भाज्या केवळ शिजवून, दुसऱ्याला कच्च्याही दिल्या. गंभीर संसर्गाचे प्रमाण अनुक्रमे २९ व ३५ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता आणि जीवितातही फरक नव्हता. २०१२ मध्ये शिकागोच्या ट्रिफिलिओ व सहकाऱ्यांनी ७२६ प्रत्यारोपित रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तेथे तर निर्बंध पाळलेल्या गटातच प्रयोगशाळेत सिद्ध झालेले संसर्ग अधिक आढळले. २०२३ मध्ये इटलीतील २२२ प्रत्यारोपित रुग्णांचा यादृच्छिक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि निर्बंधमुक्त परंतु स्वच्छ आहार हा निर्बंधित आहारापेक्षा उणा नाही, असा निष्कर्ष निघाला. संसर्ग जेथून येतो ते स्थान बहुधा ताट नसून रुग्णाचे स्वतःचे जखमी आतडे व शिरेतील नलिका असते, हे ध्यानात घेतल्यास या निष्कर्षांचे आश्चर्य वाटत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राने यात आणखी एक परिमाण जोडले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका, जर्मनी व जपानमधील चार केंद्रांच्या अभ्यासात १३६२ रुग्णांच्या मलाचे ८७६७ नमुने तपासले गेले. ज्यांच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांचे वैविध्य टिकून होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी होते. प्रतिजैविके हे वैविध्य नष्ट करतात हे खरे, परंतु तंतुमय अन्नाचा अभावही त्याला हातभार लावतो. फळे, भाज्या व कडधान्ये यांतील तंतूंवर जगणारे जिवाणू ब्युटिरेटसारखी लघुशृंखला मेदाम्ले निर्माण करतात आणि ती आतड्याच्या अस्तराची दुरुस्ती करण्यास साहाय्य करतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखविले की दुधातील लॅक्टोज हे एन्टेरोकॉकस या उपद्रवी जिवाणूचे खाद्य ठरते. उंदरांना लॅक्टोजविरहित अन्न दिले असता त्यांच्यातील जी.व्ही.एच.डी. सौम्य झाला. जखमी आतड्यात लॅक्टोज पचविणारे विकर तसेही नाहीसे झालेले असते. त्यामुळे ‘दूध म्हणजे शक्ती’ या समजुतीने अतिसाराच्या रुग्णाला पेल्यामागून पेला दूध पाजणे दोन्ही अंगांनी अनुचित होय. प्रथिनांसाठी दूधच हवे असेल तर लॅक्टोज काढलेले दूध आता बाजारात मिळते.

तथापि पाश्चात्त्य निष्कर्ष जसेच्या तसे उचलून आणणे प्रस्तुत लेखकाला योग्य वाटत नाही. ह्यूस्टन किंवा मिलानमधील कच्चे सफरचंद आणि आपल्या मंडईतील कोथिंबिरीची जुडी यांच्यामागील पाणी, माती व वाहतूक सारखी नाही. त्या अभ्यासांतील निर्बंधमुक्त आहारही सुरक्षित अन्नाच्या कडक नियमांत तयार झालेला होता. आपल्याकडे आतड्यात प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाहणाऱ्या रुग्णांचे प्रमाण मोठे आहे. म्हणून निर्बंध हटवावेत की ठेवावेत असा सरळ प्रश्न विचारण्याऐवजी प्रत्येक निर्बंधाला त्याचे कारण विचारणे अधिक फलदायी ठरेल. साल काढता येणारे केळे, संत्रे यांवर बंदी घालण्यास कारण दिसत नाही. कच्ची मोड आलेली कडधान्ये मात्र टाळलीच पाहिजेत, कारण मोड आणण्याची उबदार व दमट स्थिती साल्मोनेलासारख्या जिवाणूंनाही पोषक असते. तीच मटकी उसळ म्हणून नीट शिजवली की उत्तम अन्न ठरते. मिरपूड, चहा यांच्या कोरड्या नमुन्यांत अ‍ॅस्परजिलस बुरशी सापडल्याचे फ्रान्समधील संशोधकांनी २००० मध्ये नोंदविले आहे. त्यामुळे मसाला फोडणीत व शिजताना घातला तर चालतो, ताटात वरून भुरभुरलेला चालत नाही. महाराष्ट्रीय स्वयंपाकात वरण, भाजी, आमटी सारे शिजते. धोका असतो तो शेवटच्या क्षणी पेरलेल्या कच्च्या कोथिंबिरीचा, ओल्या खोबऱ्याचा आणि पानाच्या डावीकडील कच्च्या चटणीचा. कोथिंबीर उकळी फुटण्याआधी घातली की प्रश्न मिटतो. खवट वा बुरशी लागलेले शेंगदाणे अर्थातच नकोत. ताजे, घरी भाजलेले चालतील.

दह्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. चव गेलेल्या रुग्णाला बहुधा दहीभातच हवासा वाटतो. जिवंत जिवाणू म्हणून बहुतेक केंद्रे तीव्र न्यूट्रोपेनियाच्या काळात दही वर्ज्य मानतात आणि घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या विरजणात कोणते जिवाणू आहेत हे कोणीच तपासलेले नसते. त्या दोन-तीन आठवड्यांपुरता हा निर्बंध स्वीकारार्ह वाटतो. तो पुढे वर्षभर ताणणे मात्र अनाठायी आहे. आजार, वेदना व एकांत यांनी आधीच ग्रासलेल्या माणसाच्या हातून त्याला रुचणारा शेवटचा घास काढून घेताना, त्यामागील कारण तितकेच भक्कम असावे.

औषध आणि अन्न यांचा परस्परसंबंध :

दात्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णाला सायक्लोस्पोरिन अथवा टॅक्रोलिमस ही औषधे काही महिने घ्यावी लागतात. ग्रेपफ्रूट आणि त्याचे आपल्याकडील भावंड पपनस यांतील द्रव्ये आतड्यातील ज्या विकराने ही औषधे मोडतात तेच निष्प्रभ करतात. परिणामी रक्तातील औषध धोकादायक पातळीला पोहोचते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. कोकणात पपनस घराच्या आवारातच असते, म्हणून हा उल्लेख सूचनापत्रकात इंग्रजी नावाने नव्हे तर याच नावाने असावा. या औषधांमुळे मॅग्नेशियम घटते व पोटॅशियम वाढू शकते. त्यामुळे शहाळ्याचे पाणी, जे आपण प्रत्येक आजाऱ्याला न विचारता देतो, तेही रक्ततपासणी पाहूनच द्यावे लागते.

वनौषधींविषयी अधिक सावधगिरी हवी. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा देणारी कुटुंबे अनेक आहेत. कोविड काळात गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची मालिका मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. हा वाद बाजूला ठेवला तरी प्रत्यारोपणाच्या रुग्णाबाबत एक मूलभूत विसंगती उरतेच. येथे डॉक्टर दात्याच्या पेशींची आक्रमकता मुद्दाम दाबून ठेवत असतात. अशा वेळी प्रतिकारशक्ती ‘वाढविणारे’ द्रव्य खरोखरीच गुणकारी असेल, तर ते घातक ठरण्याची शक्यता अधिक.

आतड्याचा जी.व्ही.एच.डी. :

या विकारात दिवसाला अर्ध्या लिटरपासून दीड-दोन लिटरपर्यंत पाण्यासारखे जुलाब होतात आणि त्यांतून प्रथिने व जस्त वाहून जातात. उच्च मात्रेतील स्टेरॉइडमुळे रक्तशर्करा चढते, स्नायू व हाडे झिजतात. अशा वेळी काही काळ आतड्याला विश्रांती देऊन शिरेवाटे पोषण देणे अपरिहार्य ठरते. हेच त्याचे खरे क्षेत्र आहे. जुलाब आटोक्यात आले की प्रथम लॅक्टोजरहित, कमी तंतूंचे पातळ पदार्थ, मग मऊ भात, मुगाचे पाणी, उकडलेला बटाटा, अंड्याचा पांढरा भाग असे पायरीपायरीने पुढे जावे लागते. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा आणि जुलाब वाढल्यास एक पायरी मागे यावे. तंतुमय अन्नाचे वर सांगितलेले गुण या टप्प्यावर लागू नाहीत.

रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतर :

पेशी रुजल्या म्हणून रुग्णाला घरी सोडले जाते, पण खाणे पूर्ववत होण्यास महिने लागतात. दात्याच्या पेशी घेतलेल्यांना पहिले शंभर दिवस केंद्राच्या जवळपास राहण्यास सांगितले जाते. विदर्भ, मराठवाडा वा अन्य राज्यांतून मुंबईत आलेल्या कुटुंबांसाठी याचा अर्थ भाड्याची एक खोली किंवा धर्मशाळा असा होतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही कर्करुग्णांच्या कुटुंबांचा अनेक दशकांचा आधार आहे. अशा निवासात फ्रीज सामाईक असतो, शेगडी एक असते आणि सकाळी केलेली भाजी रात्रीपर्यंत पुरवावी लागते. ‘शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नका, चार अंशांखाली साठवा, पुन्हा गरम करताना वाफ येईपर्यंत तापवा’ ही सूचना शास्त्रशुद्ध आहे, परंतु ती पाळण्यासाठी जे स्वयंपाकघर लागते ते गृहीत धरलेले असते. या परिस्थितीत पन्नास पदार्थांच्या निषिद्ध यादीपेक्षा चार गोष्टींवर भर देणे अधिक व्यवहार्य आहे : पाणी खळखळून उकळलेले असावे, हात साबणाने धुतलेले असावेत, अन्न प्रत्येक वेळी थोडे व ताजे करावे, आणि उसाचा रस, पाणीपुरी, बर्फाचा गोळा हे रस्त्यावरील पदार्थ डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय घेऊ नयेत. उपासांचाही प्रश्न येतो. रुग्ण बरा झाला म्हणून आई श्रावण सोमवार धरते ते ठीक. रुग्णाने स्वतः तो धरू नये हे सांगण्याचे काम बहुधा कोणीच करीत नाही.

थॅलसेमियाच्या बालकांबाबत एक विशेष दक्षता आवश्यक असते. वारंवार रक्त चढविल्याने त्यांच्या यकृतात व हृदयात लोह साठलेले असते आणि यशस्वी प्रत्यारोपणानंतरही ते आपोआप निघून जात नाही. मूल फिकट दिसते म्हणून शेजारपाजारच्या सल्ल्याने लोहाचे टॉनिक सुरू केले जाते, अळीव व खजुराचे लाडू केले जातात. या मुलांना लोहाची औषधे द्यावयाची नसतात. उलट साठलेले लोह उतरविण्यासाठी काही काळ औषध द्यावे लागते किंवा ठरावीक अंतराने थोडे रक्त काढावे लागते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही लोहाचे शोषण वाढवितात, म्हणून त्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. लाडू हवाच असेल तर तो मुगाच्या किंवा डाळ्याच्या पिठाचा करता येतो.